लाकडाला पाणी पिऊ द्यायचं

मंगळवार. बोट पाण्यात सोडायला अठरा दिवस उरले.

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या अरुंद कालव्यावरची ही कामाची बोट: गाळ, विटा, लॉकच्या (बोट वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या पाण्याच्या कप्प्याच्या) दारांची लाकडं वाहणारी. लांबी 70 फूट. बाजू ओकच्या, बूड एल्मच्या आडव्या फळ्यांचं. अठराव्या शतकात, कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडलीच्या काळात, इथली लॉकं जेमतेम 7 फूट रुंद बांधली गेली, त्यामुळे इंचभराची चूकही चालत नाही. बाजूंना आतून धरणारे लोखंडी कोन गंजले की जुनी बोट पोटात फाकते आणि लॉकमध्ये रुतून बसते. आज पाच ठिकाणी माप घेतलं. सर्वांत रुंद जागी 6 फूट 11 इंच. नव्या कोनांचे बोल्ट आवळून होईपर्यंत बाजूंना एकमेकींकडे ओढून धरणाऱ्या आडव्या साखळ्या सोडायच्या नाहीत.

गुरुवार. डाव्या बाजूची शेवटची फळी बसली. इंचभर जाडीला तासभर वाफ, म्हणजे दोन इंची फळीला दोन तास. वाफेच्या पेटीतून काढल्यावर मिनिट-दोन मिनिटांत ती शिकंज्यांत आवळली गेली पाहिजे, नंतर ती ऐकत नाही. ओक ओलसरच हवा, भट्टीत वाळवलेला वाकवताना तडकतो. ओकमधलं टॅनिन साधं लोखंड खातं, म्हणून खिळे जस्ताचा मुलामा दिलेले, आणि प्रत्येकाला आधी गिरमिटाने भोक.

शनिवार. सांधे भरायला घेतले. सगळ्यांत नाजूक काम हेच. सांधा आतून घट्ट मिटलेला आणि बाहेरून किंचित उघडा हवा, नाहीतर डांबरात भिजवलेला ताग ठोकता ठोकता थेट बोटीच्या आत निघतो. तागाचे दोन पेड, बोथट पटाशी, लाकडी मोगरी. भरत आला की मोगरीचा आवाज बदलून टणक होतो, तिथे थांबायचं. नव्या हातांना अजून एक पेड ठासावासा वाटतो, कारण कोरड्या बोटीच्या फटी पाहून धीर सुटतो. पण फळी पाण्यात फुगते. तिला जागाच ठेवली नाही तर ती शेजारच्या फळीला रेटते, खिळे उपसते. गळणारा सांधा पुन्हा भरता येतो, उपसलेल्या खिळ्यासाठी सगळी बाजू उघडावी लागते. म्हणून इथे घाई दिसली की जीव कासावीस होतो.

तागावर गरम डांबर ओतलं. कढईजवळ पाण्याचा थेंबही नको, उकळतं डांबर उसळून अंगावर येतं. जुने कारागीर डांबर, घोड्याची लीद आणि गाईचे केस यांचं गरम मिश्रण फळ्यांना फासत. केस आणि लीद डांबराला धरून ठेवतात, तडे जाऊ देत नाहीत.

सोमवार. आजपासून बोटीत ओली गोणपाटं, सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी. कालवा अरुंद, त्यामुळे बोट आडवीच घसरवायची आहे. घसरणीच्या तुळयांना चरबी चोपडायची, आणि दोन्ही टोकांचे दोर एकाच इशाऱ्यावर सोडायचे. एक टोक मागे राहिलं तर बोट पिळवटते आणि नुकतेच भरलेले सांधे उघडतात.

पाण्यात गेल्यावर ती गळणारच. दोन पंप, दोन भरलेल्या बॅटऱ्या, काठावर एक हातपंप. बुडाशी उभ्या काठीवर दर तासाला पाण्याची खूण करायची. रात्रभर कोणीतरी जागं राहील, खुणांमधलं अंतर कमी होत जाईपर्यंत.