क्लेम्पेरर यांची टिपणे
आज दिवसभर व्हिक्टर क्लेम्पेरर यांच्या टिपणांतून मन बाहेर निघाले नाही. फ्रेंच साहित्याच्या या अभ्यासकाला ज्यू म्हणून नाझी जर्मनीत १९३५ मध्ये ड्रेस्डेनच्या प्राध्यापकपदावरून काढले, पुढे ग्रंथालयात जाण्यासही बंदी घातली, ज्यूंची सक्तीची खूण असलेला पिवळा तारा लावून कारखान्यात राबवले; तरीही, सापडल्यास जीव जाईल हे ठाऊक असताना, वर्तमानपत्रांतील आणि शेजाऱ्यांच्या तोंडचे शब्द ते टिपत राहिले. ‘फानाटिश’, म्हणजे माथेफिरू, हे दूषण नाझींनी कौतुकाचे कसे केले, ते त्यांनी दाखवले. मला सर्वांत अस्वस्थ केले ते हे, की छळ सोसणाऱ्यांच्याही तोंडी तीच भाषा बसली होती, आणि तेही त्यांनी लपवले नाही. पत्नी एफा ती पाने पिर्ना येथील मैत्रिणीकडे जपायला पोचवीत. १९४७ मध्ये त्यांतूनच पुस्तक उभे राहिले.