स्टिरॉइड चालू असूनही रक्त थांबत नसेल तर सीएमव्हीचं विचारा

ज्यांच्या घरात अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन अल्सर होण्याचा जुनाट आजार) आहे त्यांना फ्लेअर, म्हणजे आजार उसळणं, काय असतो ते सांगायला नको. सारखं संडासला पळणं, रक्त, पोटात कळा, मग प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि जास्त झालं तर ॲडमिट करून शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, तेही स्टिरॉइडच. बऱ्याच जणांना त्याने उतार पडतो. काहींना पडत नाही, आणि मग घरातल्या सगळ्यांना वाटतं आजार बळावलाय, डोस वाढवायला हवा. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई रोज तेच म्हणायची, अरे औषध पुरत नाहीये त्याला. शेवटी सिग्मॉइडोस्कोपी (मोठ्या आतड्याच्या खालच्या भागाची दुर्बिणीतून तपासणी) करून अल्सरमधून बायोप्सी, म्हणजे तपासायला छोटा तुकडा, घेतली तेव्हा कळलं की आतड्यात सायटोमेगॅलोव्हायरस आहे, म्हणजे सीएमव्ही.

हा काही बाहेरून नवीन लागलेला नव्हता. हर्पिसच्या कुळातला व्हायरस आहे, भारतात बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि कळतही नाही, पण तो अंगातून जात नाही, गप पडून राहतो. स्टिरॉइड, ॲझाथायोप्रिन यांनी प्रतिकारशक्ती दबली की उठतो, आणि सुजलेल्या आतड्यात त्याचं आयतंच फावतं. लक्षणं हुबेहूब फ्लेअरची! अशा वेळी स्टिरॉइड वाढवत नेलं तर व्हायरसला मोकळं रान मिळतं.

म्हणून शिरेतून स्टिरॉइड चालू असेल तर साधारण तिसऱ्या दिवशी डॉक्टर फरक पडला का बघतात, नसेल पडला तर तेव्हाच विचारा की सीएमव्हीसाठी बायोप्सी बघायची का. नुसत्या रक्ताच्या पीसीआरवर (व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) भागत नाही कारण रक्तात निगेटिव्ह आणि आतड्यात पॉझिटिव्ह असं होऊ शकतं, बायोप्सीवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (तुकड्यातल्या पेशींत व्हायरस आहे का ते दाखवणारी खास तपासणी) करायला सांगावी लागते. हेही खरं की थोडासा व्हायरस सापडला म्हणजे प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही, किती आहे आणि पेशंटची अवस्था काय त्यावर ते ठरतं.

औषध म्हणजे गॅनसायक्लोविर, आधी शिरेतून दिवसाला २ वेळा आणि बरं वाटायला लागलं की व्हॅलगॅनसायक्लोविरच्या गोळ्या, सगळं मिळून २-३ आठवडे. याने पांढऱ्या पेशी उतरतात आणि ॲझाथायोप्रिननेही उतरतात, त्यामुळे सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) चुकवू नका. आणि कृपा करून हे वाचून स्टिरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका, अचानक सोडलं तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टर हळूहळू उतरवतील.

इन्फ्लिक्सिमॅब वगैरे बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं) सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलंय ना तेही बघून घ्या. एचबीएसएजी (सध्याचा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आला तरी अँटी-एचबीसी (आधी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण शोधणारी) करायला सांगा, कारण जुना दबलेला बी व्हायरस या औषधांनी परत उठू शकतो आणि लिव्हरवर जातो.