मोटरहोम घेताना आधी ओल बघा: स्कॉटलंडच्या दहा दिवसांतून शिकलेलं

स्काय बेटावर स्लिगाखनच्या कॅम्पसाइटवर रात्रभर पाऊस पडला. सकाळी सासूबाई आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागच्या पलंगावर उठून बसल्या आणि उशाशी असलेल्या कोपऱ्यावर तळहात ठेवून म्हणाल्या, "अगं, इथे हात लाव बघू. भिंत मऊ लागतेय."

मी अंगठा दाबला. वरच्या कपाटाखालची पट्टी जरा आत गेली आणि तशीच राहिली. वॉलपेपर कोरडाच दिसत होता. डाग नाही, बुरशी नाही. आईंचं आयुष्य चिपळूणजवळच्या चिरेबंदी घरात गेलं, त्यामुळे ओल डोळ्यांआधी हाताला कळते त्यांना. आम्ही मात्र ही गाडी दोन वेळा जाऊन पाहिली होती, आणि दोन्ही वेळा पाहिलं ते स्वयंपाकघर, सोफ्याचं कापड आणि किलोमीटर... म्हणजे इथले मैल.

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. गेल्या वसंतात २०१४ सालची, फियाट डुकाटो व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली सात मीटर लांबीची गाडी एका गृहस्थांकडून ३४ हजार पौंडांना घेतली. मे महिन्याच्या अखेरीस नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि मी असे दहा दिवस निघालो: पहिला मुक्काम मॉफट, मग लॉख लोमंड तळ्याच्या काठाने ग्लेनको, तिथून ग्लेनफिनन आणि पुलावरून स्काय. प्रवास सुंदर झाला. पण इकडचे बरेच मराठी मित्र सध्या मोटरहोम घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून दृश्यांपेक्षा गाडीबद्दलच जास्त लिहिते.

या गाड्यांचं इंजिन क्वचितच दगा देतं. दगा देतं ते वरचं घर. छत आणि भिंती जिथे जुळतात, जिथे खिडकी, छताची झडप, वरचे छोटे दिवे बसवलेले असतात, तिथे मॅस्टिकचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लवचिक लेपाचा, थर असतो. दहा वर्षांच्या हादऱ्यांनी आणि थंडीने तो कडक होतो, तडकतो. पाणी केसाएवढ्या फटीतून आत शिरतं आणि भिंतीतल्या लाकडी पट्ट्या ते पितात. बाहेरचं फायबर चकचकीत राहतं, आतला वॉलपेपरही शेवटपर्यंत शाबूत दिसतो. मधलं लाकूड तेवढं कुजतं. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा पाऊस पडून गेल्यावर जा. सगळी कपाटं उघडून कोपऱ्यांत नाक घाला. गाद्या उचला, शॉवरच्या तळाला तडा आहे का बघा. आत सुगंधी फवाऱ्याचा घमघमाट असेल तर दुप्पट वेळ घालवा. ओल मोजायचा मीटर वीस-पंचवीस पौंडांत मिळतो. साधारण १५ टक्क्यांच्या आतला आकडा चांगला, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवायचं, आणि २० च्या वर गेला तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव बोलायचा. आम्ही परत आल्यावर तंत्रज्ञाने त्या कोपऱ्यात मीटर टेकवला, तर २८. बाकी सगळी गाडी १२ च्या आसपास.

इथे दरवर्षी हॅबिटेशन चेक म्हणून एक तपासणी करून घ्यायची पद्धत आहे. गॅस, वीज, पाणी आणि ओल, म्हणजे गाडीतल्या घराची तपासणी. गाडी रस्त्यावर चालवायला लायक आहे का, ही एमओटी नावाची सक्तीची तपासणी वेगळी. तिच्यात ओल कुणी बघत नाही. आमच्या गाडीच्या वहीत हॅबिटेशनचा शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा होता. विकणाऱ्याने सांगितलं की गाडी फारशी वापरलीच नाही, म्हणून केली नाही. ते कोरे रकाने आम्हाला दिसले होते आणि आम्ही पुढे गेलो, याचं मला आजही वाईट वाटतं. स्वतः पैसे देऊन स्वतंत्र तंत्रज्ञ नेला असता तर तेव्हाच कळलं असतं. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत परत करता येते. खासगी व्यवहारात ते संरक्षण नाही. आम्हाला दुरुस्तीला २,४०० पौंड पडले.

स्कायवर ओल सापडली त्या दिवशी आम्ही पोर्ट्री गावात जाऊन जलरोधक रुंद टेप आणला आणि मागच्या कोपऱ्यातल्या दिव्याभोवती, छताच्या सांध्यावर चिकटवला. दुकानात सिलिकॉनची नळीही मिळत होती, नवऱ्याने मुद्दाम घेतली नाही. ते बरंच झालं, कारण सिलिकॉनचा थर राहिला तर नंतर खरं मॅस्टिक नीट धरत नाही आणि तो खरवडून काढण्याचीच मजुरी जास्त होते.

आता वजन. १ जानेवारी १९९७ नंतर इथे कारची परीक्षा दिलेल्याला ३,५०० किलोपर्यंतचीच डिझेल गाडी चालवता येते. आपल्यापैकी जवळजवळ सगळे त्यातच बसतो. हा आकडा भरलेल्या गाडीचा आहे, आणि दरवाज्याजवळच्या पत्र्यावर लिहिलेला असतो. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी वजनकाट्यावर गेलो. चौघं, पाण्याची शंभर लिटरची टाकी काठोकाठ, दोन सायकली, तांदूळ, पीठ, कुकर, आईंची बॅग: ३,५६० भरलं. साठ किलो जास्त. पोलिसांनी तोलली असती तर दंड, आणि अपघात झाला असता तर विम्याचा प्रश्न. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो, तेव्हा टाकी तीस लिटरवर आणली आणि काटा ३,४९० वर आला. कॅम्पसाइटवर पाणी मिळतंच, ते वाहून न्यायची गरज नसते. मागच्या चाकांचं वजनही वेगळं तोला. मागच्या कप्प्यात सामान भरलं की एकूण वजन हद्दीत असूनही मागचा अ‍ॅक्सल हद्दीबाहेर जातो.

आई-बाबांना फिरवायचं म्हणून गाडी घेत असाल तर एक गोष्ट विसरू नका. जाहिरातीत 'सिक्स बर्थ' लिहिलेलं म्हणजे सहा जणांची झोपायची सोय. सीटबेल्ट किती ते वेगळं विचारायचं. आमच्या गाडीत झोपायला सहा आणि बेल्ट चार. सासरेही यायचे होते, ते याच कारणाने पुढच्या वर्षावर गेलं.

टायरच्या खाचा भरपूर खोल दिसत होत्या, पण बाजूवर शेवटचे चार अंक वाचले: २३१५, म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोम वर्षाचे दहा महिने उभी असते, टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. इंजिनातल्या टायमिंग बेल्टचंही तेच, मैल कमी असले तरी वर्षं मोजायची. आणि २०१६ च्या आधीच्या डिझेल गाड्या बहुतेक युरो ५ किंवा त्याहून जुन्या प्रदूषण-मानकाच्या आहेत. लंडनच्या यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागतात त्या हद्दीत, त्यांना दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. गणपतीला लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गाडी घेऊन जायचा बेत असेल तर हा हिशेब आधीच धरा. ग्लासगोच्या मध्यभागातही २०२३ पासून अशा जुन्या डिझेल गाड्यांना मज्जाव आहे; आम्ही महामार्गावरूनच पुढे गेलो.

रस्त्यांबद्दल. लॉख लोमंडच्या काठचा ए८२ टार्बेटच्या पुढे एवढा अरुंद होतो की समोरून ट्रक आला की एका बाजूला खडक आणि दुसरीकडे तळं. तिथे घाई करू नका. स्कायवरच्या एकपदरी रस्त्यांवर ठरावीक अंतरावर 'पासिंग प्लेस' असतात. त्या समोरून येणाऱ्यासाठी तर आहेतच, मागच्याला पुढे सोडण्यासाठीही आहेत. मागे डॉक्टर, पोस्टमन, शाळेची बस, कुणीही असू शकतं. तिथे फोटोसाठी गाडी उभी करणं हा त्या गावकऱ्यांवर अन्याय आहे. अ‍ॅपलक्रॉसची बेलाख ना बा खिंड आम्ही सोडली. उंची ६२६ मीटर, चढ काही ठिकाणी २० टक्के, आणि सुरुवातीलाच मोठ्या गाड्यांनी जाऊ नये अशी पाटी आहे. कुंभार्ली घाट कित्येकदा उतरलेला नवरा म्हणाला, "वळण माझं जमेल, पण समोरच्याला मागे जायला लावण्यात अर्थ नाही." पटलं.

गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, मीटर आणि फूट दोन्हीत. आमची ३.१ मीटर, म्हणून १० फूट ३ इंच असं वर ओढूनच लिहिलंय. ग्लेनफिननला २१ कमानींचा पूल आणि वाफेची गाडी बघायला सकाळी लवकर पोचा, नंतर मोठ्या गाडीला जागाच राहत नाही.

रात्री कुठे थांबायचं यावर बरेच गैरसमज आहेत. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने चालत जाणाऱ्याला, तंबू ठोकणाऱ्याला मोकळीक दिली आहे. मोटारगाडी त्यात येत नाही. लॉख लोमंडच्या किनाऱ्याच्या बऱ्याच भागात तर मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. आम्ही मोटरहोमवाल्यांच्या एका क्लबचं सभासदत्व घेतलं. क्लबांच्या छोट्या जागा, फक्त पाच गाड्यांच्या, एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात असतात. मोठ्या साइटपेक्षा त्या स्वस्त आणि शांत. ग्लेनकोजवळच्या अशाच एका कुरणात रात्री साडेदहाला उजेड होता, आणि आई बाहेर खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, मात्र नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामी करायची, सांडपाणीही तसंच. ओढ्यात, गटारात कधीच नाही.

आपल्या स्वयंपाकाचा या गाडीशी एक वेगळा संबंध आहे. वरण-भाताच्या कुकरची वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते आणि ओल आतूनही तयार होते. कुकर लागला की छताची झडप उघडी हवी, बाहेर पाऊस असला तरी. मिज नावाच्या चिलटांसाठी झडपेला बारीक जाळी लागते. वारा असला की ती उडू शकत नाहीत, तेव्हा आम्ही जागा निवडताना वाऱ्याची बाजू धरायचो. गाडीच्या तळाशी हवेसाठी भोकं असतात, ती थंडी वाजते म्हणून बुजवू नका. गळलेला गॅस जड असतो, तो तिथूनच बाहेर जातो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा, आणि शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. सिलिंडर लाल, म्हणजे प्रोपेनचा घ्या. निळ्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो आणि पहाटे चहा होत नाही.

दुरुस्ती झाल्यावर गाडी आता लीड्सबाहेरच्या राखणदार असलेल्या जागेत उभी असते, कारण घरासमोर सात मीटर जागा नाही. ते भाडं, विमा, हॅबिटेशन, एमओटी असं सगळं धरून एका रात्रीचा खर्च काढला, तर वर्षात तीस रात्री वापरल्याशिवाय ती भाड्याने घेण्यापेक्षा स्वस्त पडत नाही. शंका असेल तर आधी एक आठवडा भाड्याने घ्या, आणि तो ऑक्टोबरातला घ्या, जूनमधला नको.

ऑक्टोबरअखेर आम्ही पाणी काढलं. सगळे नळ उघडे ठेवले, टाकी, बॉयलर, शॉवरची नळी रिकामी केली. बॉयलरची झडप ३ अंशांच्या आसपास आपोआप उघडते, पण नळांतलं पाणी ती काढत नाही. ते गोठलं की सांधे फुटतात. गाद्या उभ्या करून ठेवल्या, कपाटांची दारं उघडी. दर महिन्याला जाऊन मीटर लावते आणि आकडे वहीत लिहिते. आई चिपळूणहून फोनवर त्याच कोपऱ्याचा आकडा विचारतात. या रविवारी १३ होता.