रायटिंग सेंटरची नोकरी आणि 'द' कुठे लावायचा

अमेरिकेत मास्टर्सला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींचे सध्या रोज मेसेज येतायत, ताई कॅम्पसवर जॉब कुठला बघू, आणि मी प्रत्येकाला सांगते की डायनिंग हॉल, लायब्ररी बघाच पण युनिव्हर्सिटीचं रायटिंग सेंटरही सोडू नका. त्यावर ठरलेलं उत्तर, "अगं ताई, माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम." माझंही मराठी मीडियमच. म्हणूनच सांगतेय.

तिथे कोणी निबंध घेऊन येतं, कोणी थिसिसचा चॅप्टर, कोणी नोकरीचं कव्हर लेटर. शेजारी बसणारा ट्यूटर हाही विद्यार्थीच. ट्रेनिंगमध्ये आम्हाला आधी हेच सांगितलं की पेन्सिल समोरच्याच्या हातात राहू दे, चुका तू दुरुस्त करून द्यायच्या नाहीत, तू विचारायचं आणि ऐकायचं. लिखाण नाही, लिहिणारा सुधारला पाहिजे, हे स्टीफन नॉर्थ या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८४ मध्ये एका लेखात मांडलं होतं आणि या क्षेत्रात तो विचार अजून धरून आहेत.

मला हे खरं कळलं ते एका चिनी पीएचडीवाल्यामुळे. केमिस्ट्रीचा पेपर, आणि गाईडने पानभर इंग्रजीतल्या 'द' (the) आणि 'अ' (a) ला लाल गोल केलेले. आधी एका अमेरिकन ट्यूटरकडे जाऊन आला होता, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की इथे 'द' कानाला बरोबर वाटतो, पण का ते त्याला सांगता येईना. येणार कसं, तो ते कधी शिकलाच नाही, लहानपणापासून बोलतोय. मी शिकलेय, रडत रडत. मी त्याला आपलं उदाहरण दिलं, "टेबलावर पुस्तक आहे" म्हटलं तर कुठलं तरी एक पुस्तक, आणि "पुस्तक टेबलावर आहे" म्हटलं तर तेच, ज्याबद्दल आपण बोलत होतो ते. तो एकदम सरळ बसला, म्हणाला आमच्याकडेही असंच, पाहुणा हा शब्द क्रियापदाच्या आधी आला तर ओळखीचा, ज्याची वाट बघत होतो तो, नंतर आला तर कोणीतरी अचानक टपकलेला! मग प्रत्येक गोलापाशी तो स्वतःच विचारायला लागला, हे सॅम्पल वाचणाऱ्याला आधीच माहितीय का? असेल तर 'द', नसेल तर 'अ'. नियम नेहमी इतका सरळ चालत नाही, पण त्या दिवशी निम्म्याहून जास्त गोल त्याने स्वतः सोडवले आणि मी पेन्सिलला हात लावला नाही.

आता कामाचं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच, सगळे जॉब मिळून, आणि हे हलक्यात घेऊ नका, व्हिसाचा प्रश्न आहे. जाहिरातीत 'फेडरल वर्क-स्टडी' हवंच असं लिहिलं असेल तर ती जागा सोडून द्या, ती सरकारी मदत आपल्याला मिळत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेत नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर) नाही म्हणून अर्ज करायचं थांबू नका, आधी जॉबची ऑफर, मग त्या पत्रावर नंबर.

अर्जासोबत बहुतेक वेळा लिखाणाचा एखादा नमुना मागतात. तो स्वतःचाच द्या, एआयकडून घासूनपुसून घेतलेला नको, कारण इंटरव्ह्यूत त्यातलंच एखादं वाक्य दाखवून विचारू शकतात की हे असं का लिहिलंस.