गाडीच्या एसीचे लीकेज सापडेपर्यंत

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंदिस्त नळ्यांत फिरत राहतो आणि कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो आहे, एवढी साधी गोष्ट नागपुरातल्या एका गॅरेजला पटवून देण्यात माझा ऐन उन्हाळा गेला. कंडेन्सर (गॅस थंड करणारी पुढची जाळी), कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) आणि पाइपांचे जोड साबणाच्या फेसाने तपासून झाले होते आणि तिथे काही निघाले नव्हते.

त्यानंतर मेकॅनिकने व्हॅक्यूम मारला, म्हणजे पंपाने नळ्या आतून रिकाम्या केल्या, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा थोडा वेळ हलला नाही आणि ‘भाऊ, लीकेज नाही, गॅस भरून टाकू’ असा निकाल मिळाला. व्हॅक्यूममध्ये नळ्यांवर पडतो तो फक्त बाहेरच्या हवेचा, जेमतेम १५ पीएसआय (दाबाचे एकक) दाब, आणि तोही आतल्या दिशेने. उलट विदर्भातल्या उन्हात एसी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूचा दाब २०० पीएसआयच्या वर जातो, त्यामुळे बारीक गळती व्हॅक्यूमला दाद देत नाही. म्हणून मी जास्त दाबाने कोरडा नायट्रोजन भरून बघण्याचा आग्रह धरला, तेव्हा ‘त्यात वेळ जातो’ असे उत्तर आले. गॅस भरला गेला, पैसे घेतले गेले आणि काही आठवड्यांत हवा पुन्हा गरम झाली. त्यावर त्याने बंद गाडीला गेज लावून ‘प्रेशर तर बरोबर आहे’ असे मलाच ऐकवले. एसीतल्या आर-१३४ए या गॅसचा थोडासा द्रव आत उरला असेपर्यंत बंद गाडीत ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय दाब दिसणारच. तो आकडा तापमान सांगतो, गॅस किती उरला ते सांगत नाही. हे ऐकून घ्यायलाही तिथे कोणाला सवड नव्हती.

शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये १५० पीएसआय नायट्रोजन भरून गाडी रात्रभर ठेवली. (रात्री तापमान दहा अंशांनी उतरले, तर हा दाब गळतीशिवायही सुमारे ५ पीएसआयने कमी दिसतो, हे हिशेबात धरावे.) आमचा काटा त्याहून कितीतरी खाली आला होता आणि बाहेरचा एकही जोड फेसाळत नव्हता, म्हणजे संशय डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉईलवरच गेला. मग थोडा गॅस भरून, इंजिन व ब्लोअर बंद ठेवून आणि पाणी पूर्ण निथळू देऊन, गॅस हुंगणाऱ्या डिटेक्टरचे टोक कॉईलचे पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेन पाइपाशी धरले. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरतो. डिटेक्टर लगेच वाजू लागला आणि मला खरोखर विजयी वाटले. डॅशबोर्ड खोलून कॉईल बदलणे खर्चीक होते, पण निदान कशाचे पैसे देतो आहोत ते कळत होते.

सुरुवातीलाच सांगायचे राहिले: जोडांवर कुठे तेलकट धूळ साचली आहे का ते आधी बघावे, कारण गॅसबरोबर तेलही झिरपते. गॅसबरोबर आत सोडतात तो यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग (डाय) बाहेरच्या जोडांसाठी चांगला आहे, मात्र कॉईल नजरेआड असल्याने तिथे तो फारसा कामाला येत नाही. खोललेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग (रबरी कडी) नवी घालून घ्यावी आणि नवा गॅस अंदाजाने न भरता बॉनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या ग्रॅमांप्रमाणे वजन करूनच भरून घ्यावा.