वागातोरची रात्र : लाइव्ह सायट्रान्स आणि समेची वाट

गोव्यात वागातोरला रात्री दहा वाजता उघड्यावरचं संगीत थांबतं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत लाउडस्पीकर लावता येत नाही. म्हणून हिलटॉपसारख्या ठिकाणी, चमकत्या रंगांनी रंगवलेल्या माडांखाली, पार्टी दिवसाउजेडीच सुरू होते. पुढची रात्र बंदिस्त क्लबांची. हणजूण-वागातोरचे रहिवासी आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत, आणि ज्यांच्या खिडक्या रात्रभर थरथरतात त्यांचं ऐकलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः आता भिंतीआडचीच पार्टी निवडते.

मी आणि माझा मावसभाऊ कोकणकन्येने सकाळी थिवीला उतरलो. तो लहानपणापासून तबला वाजवतो; आम्ही ऐकायला निघालो होतो ते सायट्रान्स, म्हणजे यंत्रांवर घडवलेलं वेगवान नाचाचं संगीत. ते म्हणजे नुसती धडधड, असं त्याचं ठाम मत. शापोऱ्यात ज्यांच्याकडून स्कूटर घेतली ते काका पन्नाशीच्या पुढचे. कुठे जाणार म्हणून त्यांनी विचारलं आणि सांगितल्यावर खुलले. "माझी आवय डिस्को व्हॅलीत चटई घालून बसायची. कंदील, चहा, ऑम्लेट. सकाळपर्यंत." किनाऱ्यावरच्या त्या पार्ट्यांमध्ये चहावाल्या बायकांच्या चटया हाच नाचणाऱ्यांचा विसावा असायचा. या संगीताच्या इतिहासात परदेशी डीजेंची नावं येतात. रात्रभर स्टोव्ह पेटता ठेवणाऱ्या या बायकांची नावं मात्र कुठे येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

नावांपैकी सगळ्यांत मोठं गोवा गिल यांचं. सॅन फ्रान्सिस्कोचा हा माणूस तरुणपणी हणजूणला आला, इथलाच झाला आणि 2023 मध्ये गेला. तेव्हाचे डीजे तबकड्या नव्हे, तर कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या छोट्या टेप वाजवत. गोव्याच्या उन्हात तबकड्या वाकायच्या, शिवाय त्यांचं ओझं. पण डॅटवर गाण्याची गती कमी-जास्त करता येत नसे, म्हणून दोन गाणी जोडायला रचनांच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांबच लांब सूर ठेवले जात. त्यातूनच 90च्या दशकात गोवा ट्रान्सचा, म्हणजे सायट्रान्सच्या आधीच्या रूपाचा, घाट तयार झाला. सैन्यातली सेवा संपवून इथे येणाऱ्या इस्रायली तरुणांनी तो घरी नेला आणि त्याला आजचं धारदार रूप दिलं. त्या रात्रीचा मुख्य कलाकारही तिकडचाच होता.

डीजे सेट आणि लाइव्ह यांतला फरक बाहेरून कळत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम मंचाच्या डाव्या कडेला उभे राहिलो. तिथून टेबल दिसत होतं: एक लॅपटॉप, सरकवायचे फेडर आणि फिरवायचे नॉब असलेला कंट्रोलर, आणि जुन्या टीबी-303 च्या धर्तीवरचं छोटंसं चंदेरी यंत्र. मूळ 303 रोलंडने 80च्या दशकाच्या सुरुवातीला बेस गिटारवाल्याची जागा घ्यायला काढलं होतं. ते काम त्याला जमलं नाही, पण त्याचा तो पिळवटून निघणारा आवाज या संगीताचा प्राण झाला. लाइव्हमध्ये कलाकार स्वतःच्याच रचना आणतो, त्याही सुट्या करून. किक म्हणजे ढोलासारखा मुख्य ठोका वेगळा, बेस म्हणजे खालचे जाड स्वर वेगळे, वरचे सूर वेगळे. ते कधी सोडायचे, कधी आवरायचे हे समोरची गर्दी बघून ठरतं.

गती मिनिटाला 145 ठोके. दोन किकच्या मधे बेसचे तीन आखूड स्वर, त्यामुळे जमीन पळते आहे असं वाटतं. इयरप्लग घातले होते, तरी बेस बरगड्यांत कळत होता. मावसभावाचा हात केव्हाच मांडीवर ताल धरू लागला होता. थोड्या वेळाने तो कानाशी ओरडला, "सोळा! दर सोळाला काहीतरी बदलतंय."

अगदी तसंच असतं. चार-चार ठोक्यांचे चार खंड झाले की एखादा सूर येतो नाहीतर जातो, आणि मोठे बदल सोळाच्या पटीत होतात. एकदा त्या कलाकाराने किक आणि बेस दोन्ही काढून घेतले. उजव्या हाताची दोन बोटं चंदेरी यंत्राच्या एका नॉबवर. तो इतका सावकाश फिरवत होता की हालचाल दिसतच नव्हती. आवाज मात्र दबक्या गुरगुरण्यापासून किंचाळीपर्यंत चढत गेला. सोळा झाले, बत्तीस झाले. सगळ्यांना वाटलं आता येणार. त्याने मान वर करून गर्दीकडे पाहिलं आणि आणखी सोळा रोखून धरले. मग किक पडली तेव्हा अख्खा हॉल एकाच वेळी जमिनीवर उतरला. ती सम होती, तालाचं आवर्तन जिथे येऊन मिळतं ती पहिली मात्रा; दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

या संगीताचं नाव काढलं की लोकांना आधी नशा आठवते. ती या पार्ट्यांत असते हे खरंच आहे. पण आम्ही पाण्यावर होतो आणि त्या अठ्ठेचाळीस ठोक्यांतला एकही चुकला नाही. ऐकणाऱ्याला हे संगीत पुरतं.

पहाटे म्हापशाला जाऊन पातळ भाजी आणि पाव खाल्ला. मावसभाऊ धडधडीचं मत मागे घ्यायला तयार होता, पण नवी तक्रार घेऊन बसला: एवढ्या वेळात विलंबित, म्हणजे संथ लय, कुठेच नाही! मी म्हटलं, त्यासाठी चिलआउटला, म्हणजे संथ संगीत ऐकायला बसायचं असतं, मोठ्या महोत्सवांत त्याचा वेगळा मांडव असतो. त्याला ते पटलं नाही. एकाच कलाकाराने विलंबितापासून द्रुतापर्यंत न्यायला हवं, असं म्हणत तो टेबलावर 145 च्या निम्म्या लयीत ठेका वाजवून दाखवू लागला, आणि पावाची दुसरी ताटली येईपर्यंत आमचा वाद चालूच होता.