माझा अनुभव: जुलैत मोजलेली पेलेट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, जुलैत, माझ्या बिस्मथ फेराइटच्या (बिस्मथ, लोह आणि ऑक्सिजनचं संयुग) पेलेटचा, म्हणजे पावडर दाबून भाजलेल्या चकतीचा, डायलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ किती विद्युतभार साठवू शकतो त्याचं माप) 100 हर्ट्झला तब्बल काही हजार आला. मी तिथूनच माझ्या गाइड मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "टॅन डेल्टा किती?" तो, म्हणजे वाया जाणाऱ्या आणि साठणाऱ्या ऊर्जेचं गुणोत्तर, 1 च्या वर होता. मग म्हणाल्या, "पेलेट आणलीस कशातून?"

आमच्याकडे हे मोजणारा एलसीआर मीटर नव्हता, म्हणून पेलेट घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत जावं लागे. हार्बरची गाडी, कुर्ल्याला बदल, बाहेर धो धो पाऊस. पेलेट साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होती.

हे संयुग मी निवडलं, कारण खोलीच्या तापमानाला विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही क्रम असलेले पदार्थ फारच थोडे. याचा फेरोइलेक्ट्रिक (विद्युत) क्रम साधारण 830 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, अँटीफेरोमॅग्नेटिक (चुंबकीय) क्रम 370 पर्यंत. अडचण एकच: सिरॅमिक केलं की ते गळतं, म्हणजे विद्युतभार अडवायच्या ऐवजी वाहून नेतं.

गळतीचं मूळ भट्टीत आहे. बिस्मथ ऑक्साइड 817 अंशांना वितळतं आणि त्याची वाफ होऊन बिस्मथ उडतो. त्याच्या जागा रिकाम्या राहिल्या की विद्युतभार जुळवायला ऑक्सिजनच्याही जागा रिकाम्या होतात, लोहाची संयुजा सगळीकडे सारखी राहत नाही आणि भार एका लोह अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत पुढे सरकतो. माझ्या पहिल्या तीन बॅचेसच्या एक्सआरडीत (क्ष-किरणांनी केलेल्या शुद्धतेच्या तपासणीत) 27 ते 29 अंशांच्या कोनात नको असलेली, म्हणजे दुसऱ्याच संयुगांची, शिखरं होती. थोडं जास्तीचं बिस्मथ ऑक्साइड घालणं, पेलेट त्याच पावडरीत पुरून भाजणं, भट्टीतून झटकन बाहेर काढणं, हे सगळं केल्यावर चौथी बॅच स्वच्छ आली. त्या दिवशी लॅबमधल्या काकांनी स्वतःहून चहा आणला.

आणि नेमकी हीच पेलेट मी पावसातून नेली होती.

मॅडमच्या सांगण्यावरून ती 200 अंशांवर दोन तास तापवली, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड केली आणि लगेच मोजली. आकडा काही शेकड्यांवर आला. मग मुद्दाम टेबलावर उघडी ठेवली. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा चढला. पेलेट शंभर टक्के घट्ट नसते. तिच्या छिद्रांच्या भिंतींवर पाण्याचा थर बसतो, त्यातून प्रोटॉन सरकतात आणि कमी वारंवारतेला स्थिरांक फुगलेला दिसतो. मी जे मोजून आनंदले होते, त्यात मुंबईच्या हवेचा मोठा वाटा होता. फार वाईट वाटलं, पण त्या एका दिवसाने मला जे कळलं ते वर्षभराच्या वाचनाने कळलं नव्हतं.

कोरडी पेलेटही पूर्ण खरं बोलत नव्हती. मेगाहर्ट्झला शंभराच्या आसपास असणारा स्थिरांक वारंवारता कमी करत नेली की वाढतच होता. इथे इम्पीडन्सने, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना मोजलेल्या विद्युत अडथळ्याने, वाट दाखवली. तापमान वाढवत घेतलेल्या नायक्विस्ट आलेखात (त्या अडथळ्याचे दोन भाग एकमेकांसमोर मांडणारा आलेख) एकमेकांत मिसळलेले दोन कंस दिसू लागले. प्रत्येकाची धारकता, म्हणजे भार साठवायची क्षमता, काढली: एक पिकोफॅरडच्या घरातली, म्हणजे पेलेटमधल्या स्फटिक-कणाची, दुसरी नॅनोफॅरडच्या घरातली, म्हणजे दोन कणांमधल्या सीमेची. कुठली धारकता कशाची हे सांगणारा अर्विन, सिंक्लेअर आणि वेस्ट यांचा 1990 चा तक्ता मी टेबलासमोर चिकटवून ठेवला होता. कणाच्या आत भार वाहतो आणि सीमेपाशी अडून साठतो. गणितात जाडी अख्ख्या पेलेटची धरायची, पण काम करतो फक्त सीमेचा पातळ थर, म्हणून आकडा मोठा. यालाच मॅक्सवेल-वॅग्नर परिणाम म्हणतात. सूत्र मला एमएस्सीपासून पाठ होतं. ते माझ्याच पेलेटमध्ये घडतंय, हे दिसायला तो आलेख लागला.

कणाच्या रोधावरून काढलेली सक्रियण ऊर्जा (भाराला एका जागेवरून पुढे सरकायला लागणारी ऊर्जा) 1 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ आली. उंच तापमानाला ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाच सरकत असाव्यात, असा अर्थ मी लावला. खोलीच्या तापमानाचं वहन मी वेगळं ठेवलं, आणि ते वेगळंच ठेवायला हवं.

हिस्टेरेसिसचा लूप (विद्युत क्षेत्र वर-खाली करताना ध्रुवीकरणाचा मिळणारा वळसा, ज्यावरून फेरोइलेक्ट्रिक ओळखतात) मात्र गोलाकार, टोकांशी बोथट आला. गटातल्या दादांनी मला जे. एफ. स्कॉट यांचा 2008 चा लेख दिला. त्यात केळ्याच्या सालीचा, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक नसलेल्या गोष्टीचाही, असाच बंद लूप काढून दाखवलाय. मी माझा लूप प्रबंधातून काढून टाकला. कोणी सांगितलं नव्हतं, पण फेरोइलेक्ट्रिक म्हणून तो छापणं मला पटलं नाही.

आता पेलेट सिलिका जेलच्या हवाबंद डबीत नेते, मोजण्याआधी तिथेच तापवते, आणि प्रत्येक आलेखात स्थिरांकाखाली टॅन डेल्टा जोडते. जुलैचा आलेखही प्रबंधात आहे, त्या दिवशीच्या आर्द्रतेसकट. लॅन्थॅनम घातलेली पुढची बॅच सध्या भट्टीत आहे.